सायगॉन: इमारत तीच, पाटी नवीन

थायलंड, बाली करून झालं की आपल्याकडे आता व्हिएतनामचा नंबर लागतो. मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट आहे, पाच-सव्वापाच तासांत पोचतो, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, त्याचे २५ डॉलर. बहुतेक लोक हा लाँग बे, दा नांग, तो मोठ्या हातांवरचा सोनेरी पूल असं करतात आणि सायगॉनला फक्त विमान बदलतात. आम्ही उलटं केलं, फक्त सायगॉनच केलं. कारण सासरे. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शेवटची बरीच वर्षं पोस्टमास्तर होते, आणि ऐन तरुणपणात रोज सकाळी पेपरात व्हिएतनाम वाचत मोठे झालेले. त्यांना तिथला राजवाडा बघायचा होता, रणगाड्याने गेट तोडलं तो, आणि नवऱ्याने नेटवर पोस्ट ऑफिसचा फोटो दाखवल्यावर तर विषयच संपला. सासूबाईंची अट एकच, जेवण शाकाहारी.

शहराचं ऑफिशियल नाव हो ची मिन्ह सिटी, युद्ध जिंकलेल्या उत्तरेच्या कम्युनिस्ट नेत्याचं नाव, १९७६ पासून. पण रिक्षावाल्यापासून हॉटेलच्या पोरीपर्यंत सगळे सायगॉनच म्हणतात. गंमत म्हणजे २०२५ च्या जुलैमध्ये तिकडे प्रशासनाची फेररचना झाली, शेजारचे दोन प्रांत शहरात घातले, जुने डिस्ट्रिक्ट काढून टाकले आणि मधल्या भागातल्या एका वॉर्डला अधिकृतपणे सायगॉन नाव दिलं. म्हणजे काढलेली पाटी पन्नास वर्षांनी परत लागली, एका वॉर्डापुरती का होईना. या शहरात फिरताना हेच सारखं जाणवत राहतं, सत्ता बदलली की इमारत पाडायची नाही, पाटी बदलायची. ते पुढे येईलच.

गुरुवार

सकाळी उतरलो. घड्याळ दीड तास पुढे. आधी पैशांचं सांगते कारण पहिल्या दिवशी तिथेच डोकं फिरतं. मोठ्या नोटा प्लास्टिकच्या, सगळ्यांवर हो ची मिन्ह, आणि शून्यं मोजता मोजता वेळ जातो, एक लाख डाँग म्हणजे आपले साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. त्यामुळे एटीएममधून तीस लाख काढले की आपण करोडपती व्हायच्या वाटेवर आहोत असं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत ते निम्मे होतात. वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही नोटा निळसर आहेत, रात्री टॅक्सीत देताना बघून द्या.

हॉटेल बेन थान्ह मार्केटच्या जवळ घेतलं होतं, तिथून बरंचसं चालत होतं. चालत म्हणजे आधी रस्ता ओलांडायचा. या शहरात लाखोंनी दुचाक्या आहेत, त्या थांबत नाहीत, सिग्नलला थांबतात तेवढंच. युक्ती अशी की हळू, एका चालीने, न थांबता चालत राहायचं, पळायचं नाही आणि मागे तर अजिबात यायचं नाही, गाड्या आपल्या बाजूने आपोआप वळसा घालून जातात. वारीत दिंडी जशी वाटेतल्या दगडाला वळसा घालून पुढे जाते तसं. नवरा पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवतोय तरी पहिल्या चौकात गारठला, आणि आई, म्हणजे सासूबाई, मात्र पदर खोचून, हात वर करून सरळ निघाल्या आणि पलीकडे जाऊन आमची वाट बघत उभ्या राहिल्या. हॉर्न वाजतात पण चिडून कोणी वाजवत नाही, मी आलोय एवढं सांगायला वाजवतात.

आम्ही गेलो ते टेटच्या आधीचे दिवस. टेट म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, चांद्र कॅलेंडरप्रमाणे. रस्त्यारस्त्यावर पिवळ्या माई फुलांची झाडं आणि छोट्या संत्र्यांनी लगडलेल्या कुंड्या विकायला, लोक स्कूटरवर मागे अख्खं झाड बांधून घेऊन चाललेले, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये बाग चालल्यासारखी वाटते. संध्याकाळी न्गुयेन ह्वे रस्त्यावर गेलो. हा पूर्वी कालवा होता, फ्रेंचांनी बुजवून रस्ता केला, आता मधला पट्टा चालण्यासाठी आहे आणि टेटला तिथे फुलांची मोठी आरास करतात, तिचं काम चालू होतं. एका टोकाला जुनं सिटी हॉल, १९०८ मध्ये पूर्ण झालेलं, पिवळं, नक्षीदार, पॅरिसमधून उचलून आणल्यासारखं. आता तिथे शहराचा कारभार बघणारी पीपल्स कमिटी बसते, समोर हो ची मिन्हचा पुतळा. एरवी आत सोडत नाहीत, बाहेरूनच फोटो. वसाहतवाल्यांचा सगळ्यात मिरवणारा वाडा आणि त्याच्यावर लाल झेंडा. हा फोटो नवऱ्याने किती वेळा काढला विचारू नका.

तिथून दोन मिनिटांवर ऑपेरा हाऊस, १ जानेवारी १९०० ला सुरू झालेलं. याचा इतिहास ऐका. फ्रेंच साहेबांना पॅरिसचं गाणं-नाटक बघायला बांधलं, मग दक्षिण व्हिएतनामच्या काळात, म्हणजे १९७५ पर्यंत देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे होते तेव्हा, तिथे संसदेचं कनिष्ठ सभागृह भरायचं, आणि १९७५ नंतर परत थिएटर. दर्शनी भागावरचे पुतळे फारच फ्रेंच दिसतात म्हणून १९४० च्या दशकात काढून टाकलेले, ते १९९८ ला शहराला ३०० वर्षं झाली तेव्हा पुन्हा बसवले. बाबा म्हणाले, "संसद आणि नाटक एकाच इमारतीत, सोयीचं आहे." समोरून जाणारा रस्ता डोंग खोई. फ्रेंचांचा रू कातिना, मग तू यो, मग डोंग खोई. तीन राजवटी, तीन नावं, आणि दुकानं तेव्हाही महागडी होती, आताही आहेत.

रात्री जेवायला "चाय" पाटी शोधली. चाय म्हणजे आपला चहा नाही, शाकाहारी जेवण. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसाहार करत नाहीत त्यामुळे अशी हॉटेलं भरपूर आहेत, आईंना हे कळल्यावर त्या एकदम निवांत झाल्या, अमावास्या-पौर्णिमा पाळणारी माणसं म्हटल्यावर आपलीच की. फक्त साध्या हॉटेलात व्हेज सांगितलं तरी फिश सॉस पडतो, म्हणून चाय पाटीचंच बघायचं. फो चाय म्हणजे भाताच्या शेवया, मश्रूम, टोफू, वरून ढीगभर तुळशीसारखी पानं आणि लिंबू. दोन वाट्या हाणल्या मी.

शुक्रवार

आज बाबांचा दिवस. सकाळी साडेआठला सेंट्रल पोस्ट ऑफिस.

१८८६ ते १८९१ मध्ये बांधलेलं. गाइड लोक आणि अर्धं इंटरनेट सांगतं की आयफेल टॉवरवाल्या आयफेलने डिझाइन केलं, तसं काही नाही, फ्रेंच सरकारी आर्किटेक्ट फूल्हू आणि त्याच्या हाताखालच्यांचं काम आहे ते. पण आयफेलचं नाव घेतलं की तिकीट नसलेल्या जागेलाही गर्दी होते. बाहेर भिंतीवर वीज आणि तारेच्या शास्त्रज्ञांची नावं कोरलेली आहेत, आंपेअर, व्होल्टा, फॅरेडे. बाबा एकेक नाव मोठ्याने वाचत होते. आत गेलं की उंच कमानीचं छत, लोखंडी हिरवे खांब, खाली नक्षीची फरशी, दोन बाजूंना भिंतीवर रंगवलेले भलेमोठे जुने नकाशे, एकावर सायगॉन आणि आसपासचा परिसर, दुसऱ्यावर कंबोडियापर्यंतच्या तारेच्या लाइन्स. जुने लाकडी टेलिफोन बूथ, वर जगातल्या शहरांची घड्याळं. आणि समोरच्या भिंतीवर मधोमध, जिथे फ्रेंच काळात कुठला तरी गव्हर्नर टांगलेला असणार, तिथे हो ची मिन्ह.

मला वाटलेलं की म्युझियम करून टाकलं असेल. नाही हो, चालू पोस्ट आहे. लोक पार्सल घेऊन येतात, काउंटरला रांग, शिक्के पडतायत. बाबा काउंटरपाशी जाऊन उभे राहिले आणि नुसतं बघत राहिले की ती मुलगी शिक्का कसा मारते. मग माझ्या कानात म्हणाले, "अगं, शाई जास्त घेते, तारीख पसरते." काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे एक म्हातारे गृहस्थ लाकडी टेबलाशी बसून लोकांना फ्रेंच-इंग्रजीत पत्रं लिहून आणि भाषांतर करून द्यायचे, कित्येक दशकं. ते मी वाचलेलं बाबांना सांगितल्यावर त्यांनी ते टेबल कुठे असेल ते शोधायचा प्रयत्न केला. मग पोस्टकार्डं घेतली, गावातल्या मित्रांना पाठवायला, आणि दीड तास बसून लिहिली. आम्ही तिघं मध्येच बाहेर जाऊन कॉफी पिऊन आलो तरी ते लिहीतच होते. व्हिएतनाम कॉफीत ब्राझीलच्या खालोखाल जगात दुसऱ्या नंबरवर आहे, बहुतेक सगळी रोबस्टा, म्हणजे कडक. इथे ती कन्डेन्स्ड मिल्क आणि बर्फ घालून पितात, पहिल्या घोटाला डोळे उघडतात.

समोरच नोत्र दाम कॅथेड्रल, १८७७ ते १८८०, लाल विटा फ्रान्सहून जहाजाने आणलेल्या. २०१७ पासून दुरुस्ती चालू आहे त्यामुळे बांबू-पत्रे-जाळ्याच जास्त दिसतात. पुढच्या चौकात मेरीचा पांढरा पुतळा आहे, २००५ मध्ये तिच्या डोळ्यातून पाणी आलं अशी आवई उठली आणि हजारो लोकांनी रस्ता अडवला. आपल्याकडे गणपतीने दूध प्यायलं होतं १९९५ ला, आई लगेच म्हणाल्या, "मी पाजलेलं." पुढे विषय वाढवला नाही.

तिथून जवळच लि तू चोंग रस्त्यावर २२ नंबरची इमारत आहे, बाहेरून अगदी काही नाही. पण तो जगप्रसिद्ध फोटो, छतावर हेलिकॉप्टर आणि शिडीवर लोकांची रांग, २९ एप्रिल १९७५, तो या छतावरचा. सगळे समजतात की ती अमेरिकन एम्बसी. ती वेगळी, १९९८ ला पाडली. म्हणजे पाडतात कधी कधी. या रस्त्याचं तेव्हाचं नाव जा लोंग, एका सम्राटाचं, आता एका तरुण क्रांतिकारकाचं.

दुपारी राजवाडा. आता ऑफिशियली रीयुनिफिकेशन पॅलेस, जुनं नाव इंडिपेन्डन्स पॅलेस, आणि दोन्ही नावं चालतात. मुळात इथे फ्रेंच गव्हर्नरचा नोरोडोम पॅलेस होता. १९५४ ला फ्रेंच गेले, पुढे दक्षिण व्हिएतनामचा प्रेसिडेंट झालेल्या न्गो दिन्ह दिएमने ताबा घेतला आणि नाव बदललं. १९६२ च्या फेब्रुवारीत त्याच्याच हवाई दलाच्या दोन पायलटांनी वाड्यावर बॉम्ब टाकले, डावी बाजू उडाली, दिएम वाचला. मग त्याने जुना वाडा काढून नवीन बांधायला घेतला, आर्किटेक्ट न्गो व्हिएत थू, रोमचं मोठं बक्षीस मिळवलेला व्हिएतनामी माणूस. नवीन वाडा १९६६ च्या ऑक्टोबर अखेरीला पूर्ण झाला आणि दिएमला १९६३ मध्येच मारलेलं, त्याला काही तिथे राहायला मिळालं नाही.

हा वाडा मला प्रचंड आवडला आणि मला वाटलं नव्हतं आवडेल. झुंबरं-सोनं असलं काही नाही, साठच्या दशकातलं काँक्रीट, पुढच्या खिडक्यांवर बांबूच्या पेऱ्यांसारख्या दगडी पट्ट्या, त्यातून वारा आणि उजेड सगळीकडे खेळतो. बाहेर चौतीस डिग्री आणि आत एसीशिवाय गार. वर प्रेसिडेंटचं ऑफिस, सिनेमा थिएटर, पत्ते-माजोंगची खोली, हत्तीचे पाय (खरे!), छतावर डान्स फ्लोअर. आणि त्याच्या शेजारी हेलिकॉप्टर, आणि फरशीवर दोन लाल वर्तुळं, तिथे ८ एप्रिल १९७५ ला बॉम्ब पडले, टाकणारा पुन्हा त्यांच्याच हवाई दलातला, आतून उत्तरेला सामील झालेला. मग जिना उतरून थेट तळघरात, जाड भिंतींचा बंकर, हिरवट भिंतीवर नकाशे, रेडिओची यंत्रं, फोन, रंगवलेले अरुंद पॅसेज. वरती माजोंग आणि खाली वॉररूम. बाबा रेडिओ सेटसमोरून हलेनात.

गेटमधून आत आल्यावर हिरवळीवर दोन रणगाडे आहेत, ८४३ आणि ३९० नंबरचे. खरे नाहीत हे, खरे हनोईत जपून ठेवलेत. ३० एप्रिल १९७५ च्या सकाळी उत्तरेचं सैन्य शहरात शिरलं तेव्हा ८४३ बाजूच्या गेटात अडकला आणि ३९० ने मुख्य गेट तोडलं. आत प्रेसिडेंट झुओंग वान मिन्ह बसलेला, पदावर येऊन त्याला दोनच दिवस झालेले, शरणागती द्यायला आणलेला माणूस. हे सगळं बाबांनी गाइडच्या आधी सांगितलं, आणि वर हेही की १९५४ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला जे इंटरनॅशनल कमिशन नेमलं त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, पोलंड आणि कॅनडा बरोबर. आमच्या गाइडला हे माहीत होतं, त्याने बाबांना हात जोडले, मग पुढचा अर्धा तास दोघंच बोलत पुढे आणि आम्ही मागे.

शनिवार

कू ची. भुयारं. शहरापासून बेन दिन्ह साइट पन्नासेक किलोमीटर, पण ट्रॅफिकमुळे पावणेदोन तास लागतात. सकाळी सातला निघा, नाहीतर उन्हात आणि गर्दीत दोन्हीकडून मार खाल. बेन युओक म्हणून दुसरी साइट आहे, लांब पडते पण तिथे गर्दी कमी असते म्हणतात.

कम्युनिस्ट गनिमी सैनिकांनी फ्रेंचांविरुद्ध लढताना १९४० च्या दशकाच्या शेवटी खणायला सुरुवात केली आणि अमेरिकन काळात जाळं दोनशे किलोमीटरच्या वर गेलं. तीन मजले, वरचा दोन-तीन मीटर खाली, सगळ्यात खालचा आठ-दहा मीटर. आत दवाखाने, बैठकीच्या खोल्या, हत्यारं करायचे कारखाने. माती लाल, वाळल्यावर सिमेंटसारखी घट्ट होते म्हणून हे टिकलं. स्वयंपाकाचा धूर लांब चर काढून, गाळून, पहाटेच्या धुक्यात मिसळेल असा सोडायचे. हवेची भोकं वारुळासारखी दिसणारी. आणि कळस म्हणजे अमेरिकेच्या २५ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनने आपला तळ कू चीलाच टाकला, म्हणजे ज्यांना शोधायचं ते पायाखाली. आत शिरायला अमेरिकन सैन्याने बुटक्या सडपातळ सैनिकांची वेगळी तुकडी केली होती, टॉर्च आणि पिस्तूल घेऊन एकट्याने आत रांगत जायचं. खाली काय असेल ते त्यालाच कळणार.

टूरिस्टसाठी एक पट्टा रुंद केलाय, तरी मी वीस मीटर गेले आणि बाहेर आले, नवरा शेवटपर्यंत गेला आणि घामाने भिजून बाहेर. गुडघे-पाठीचा त्रास असेल त्यांनी किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी जाऊ नका, बाहेरूनही सगळं समजतं. बांबूच्या खिळ्यांचे सापळे मांडून दाखवतात, एका एका प्रकाराचं चित्र, आणि दाखवणारा पोरगा हसत हसत दाखवतो ते बघून मला कसंतरी झालं. शूटिंग रेंज आहे, एके-४७ ने गोळ्या झाडा, गोळीप्रमाणे पैसे. अख्ख्या जंगलात तो आवाज घुमत असतो. ज्यांच्या भुयारांवर बॉम्ब पडले त्यांच्याच जागेवर हौशी गोळीबार, हे मला नाही पटलं, नवऱ्याला "त्यात काय, पैसा मिळतोय त्यांना" वाटलं. यावर परतीच्या बसमध्ये बराच वाद झाला.

शेवटी लाकडी बाकांवर बसवून उकडलेला कंद देतात, शेंगदाण्याच्या कुटात मीठ-साखर घालून बुडवून खायचा. गनिमी सैनिकांचं रोजचं जेवण म्हणे. तो कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच. आई म्हणाल्या, म्हणजे ही सगळी लढाई उपवासाच्या पदार्थावर लढली की, आणि कुट आपल्यापेक्षा बारीक केलाय. चव खरंच भारी होती, आम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलं.

अडीचला परत आलो आणि वेळ होता म्हणून हिस्टरी म्युझियमला गेलो (सोमवारी बंद असतं). १९२९ ची इमारत, झू च्या शेजारी. पहिल्या खोल्यांतून पळत गेलो तरी चालेल पण चंपाच्या दालनात थांबा. मध्य व्हिएतनाममध्ये हजारएक वर्षं चाम लोकांची हिंदू राज्यं होती, आणि दक्षिणेत मेकाँगच्या बाजूला त्याहून जुनी ऑक एओ संस्कृती, तिथले विष्णू, दुर्गा, शिवलिंगं असं सगळं इथे ठेवलंय. नाक-डोळे तिकडचे आणि शंख-चक्र ओळखीचं. आईंनी महिषासुरमर्दिनीसमोर चप्पल काढली, गार्ड बघत राहिला, काही बोलला नाही.

रविवार

वॉर रेम्नंट्स म्युझियम. हे सकाळी करा आणि पुढे काही ठेवू नका, आम्ही ठेवलं आणि दुपारभर कोणी कोणाशी धड बोललं नाही.

१९७५ च्या सप्टेंबरात उघडलं तेव्हा नाव होतं अमेरिकन आणि कठपुतळी सरकारच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन. १९९० ला नावातून अमेरिका गेली, नुसते युद्धाचे आणि आक्रमणाचे गुन्हे राहिले. १९९५ ला अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरळीत झाले आणि गुन्हेही गेले, आता फक्त युद्धाचे अवशेष. आतलं प्रदर्शन फारसं मवाळ झालेलं नाही, दारावरची पाटी झाली. आवारात विमानं, हेलिकॉप्टर, रणगाडे, पोरं त्यांच्यापुढे पोझ देतायत. एका बाजूला कोन दाओ बेटावरच्या तुरुंगातल्या पिंजऱ्यांची प्रतिकृती आणि फ्रेंचांनी आणलेलं गिलोटिन.

वरच्या मजल्यावर "रिक्विएम" नावाचं दालन आहे, इथे युद्धात मेलेल्या फोटोग्राफर्सचे फोटो, दोन्ही बाजूंचे, जपानी, फ्रेंच, अमेरिकन, आणि उत्तरेचे ज्यांची नावं आपण कधी ऐकली नाहीत असे कितीतरी. ते मला या म्युझियममधलं सगळ्यात प्रामाणिक दालन वाटलं, कारण तिथे बाजू घेतलेली नाही. बाकीकडे घेतलेली आहे. दक्षिणेकडून लढलेले आणि नंतर छावण्यांत गेलेले, बोटीत बसून देश सोडणारे लाखो लोक, त्यांच्याबद्दल इथे शोधून सापडत नाही. पण म्हणून जे भिंतीवर आहे ते खोटं होत नाही. माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी केलेलं हत्याकांड, १६ मार्च १९६८, व्हिएतनामच्या यादीप्रमाणे ५०४ माणसं, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. एजंट ऑरेंजचं दालन मी पूर्ण बघू शकले नाही. १९६१ ते १९७१ मध्ये अमेरिकेने साडेसात कोटी लिटरच्या आसपास तणनाशक, त्यातलंच एक एजंट ऑरेंज, विमानांतून जंगलांवर ओतलं, आणि पुढच्या पिढ्यांतली मुलं त्या फोटोंमध्ये आहेत. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर हे दालन टाळा. एक अमेरिकन आजोबा बाकावर बसले होते, टोपी हातात, बाबा शेजारी जाऊन बसले, दोघं काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने उठून दोघं दोन दिशांना गेले.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर एका गजबजलेल्या चौकात थिच क्वांग डुक या भिक्खूंचं स्मारक आहे. ११ जून १९६३ ला दिएम सरकारच्या बौद्धविरोधी धोरणाच्या निषेधात त्यांनी याच चौकात मांडी घालून स्वतःला पेटवून घेतलं. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, चौक कोणी बघत नाही. दोन्ही रस्त्यांची नावं नंतर बदलली. सिग्नलला थांबलेले स्कूटरवाले तिकडे बघून हात जोडतात, हिरवा झाला की निघतात.

संध्याकाळी मारियम्मन देवळात, बेन थान्हपासून अगदी जवळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या तमिळ लोकांनी बांधलेलं. फ्रेंचांच्या काळात पुदुच्चेरी-कारैकलकडून बरेच तमिळ इथे आले, चेट्टियार सावकारही होते, १९७५ नंतर जवळजवळ सगळे गेले. देऊळ राहिलं, आणि आता तिथे गर्दी व्हिएतनामी आणि चिनी लोकांची. गोपुराखाली मोगऱ्याचे हार, पण देवीपुढे उदबत्त्यांचे जुडगे चिनी पद्धतीने कपाळाशी धरून. बायका दगडी भिंतीला कपाळ टेकून देवीच्या कानात सांगावं तसं पुटपुटत होत्या. आईंना त्यांचं बघून तसं करावंसं वाटलं, त्यांनी केलं, काय मागितलं ते सांगितलं नाही.

सोमवार

रात्रीची फ्लाइट म्हणून दिवस मोकळा. सकाळी नुसती मेट्रोची हौस. शहराची पहिली मेट्रो २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, काम २०१२ पासून चाललेलं, बेन थान्ह ते सुओई तिएन, जवळपास वीस किलोमीटर, १४ स्टेशनं, जपानच्या मदतीने. आपल्या पुण्याच्या मेट्रोला शिव्या देणारा नवरा तिथे बारा वर्षं ऐकून एकदम गप्प. नदीच्या पलीकडे गेलं की लँडमार्क ८१ हा टॉवर दिसतो, ४६१ मीटर उंच.

मग चो लोन, जुनं चिनी शहर. थिएन हाउ देऊळ, १७६० च्या सुमाराचं, कँटोनीज लोकांनी समुद्रदेवीसाठी बांधलेलं, सुखरूप पोचवलंस म्हणून. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली, खालून लाल चिठ्ठी लोंबते, नावाने नवस. छताच्या कडेवर चिनी मातीच्या शेकडो बाहुल्या, मान दुखेपर्यंत बघा. खालून राख पडते, पांढरा कपडा घालू नका.

तिथून पुढे चा ताम चर्च. टूरवाले इथे आणत नाहीत. पिवळं, साधं, चिनी पद्धतीचं प्रवेशद्वार. १९६३ च्या नोव्हेंबरात बंड झाल्यावर दिएम आणि त्याचा भाऊ न्हू वाड्यातून निसटून चो लोनला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथूनच शरण गेले. न्यायला चिलखती गाडी आली, सैन्याच्या मुख्यालयात पोचायच्या आधी गाडीतच दोघांना मारलं. म्हणजे शुक्रवारी बघितलेल्या वाड्याच्या मालकाचा शेवट इथला. चर्च सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं आहे, तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे. बाबांनी १९९४ मध्ये रांग लावून बघितलेलं, ते त्यांनी तिथल्या माळ्याला खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. माळ्याला कळलं नाही, पण त्याने त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं.

शेवटी बिन्ह ताय मार्केट, १९२८ चं, क्वाच दाम नावाच्या चिनी व्यापाऱ्याने बांधून दिलेलं, भंगार गोळा करत सुरुवात केलेला माणूस. आत होलसेल बाजार, सुकी कोळंबी, मिरच्या, चपला, टेटचे लाल कंदील, चालायला जागा नाही. बेन थान्हपेक्षा मला हे जास्त आवडलं, इथे कोणी हाताला धरून दुकानात ओढत नाही, त्यांना किलोने घेणारी गिऱ्हाइकं हवी असतात. आईंनी तरीही किलोनेच घेतलं, काजू दोन किलो आणि कॉफी तीन. कॉफी गाळायचा तो पत्र्याचा फिन सहा घेतले, नातेवाइकांना द्यायला. घासाघीस कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून चालते, आई दर वेळी निम्मा आकडा टाकायच्या आणि दुकानदारीण डोक्याला हात लावायची, मग दोघी हसायच्या. शेवटी तिने एक फिन फुकट घातला, आणि बॅगेचं वजन एअरपोर्टवर तीन किलो जास्त भरलं, ते बाबांच्या हँडबॅगेत गेलं.